सामाईक भिंतीचा गारवा

गणपतीच्या दिवसांत आपण घरोघर दर्शनाला जातो. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, जुनी गढी या भागांत अजून तग धरून असलेल्या एखाद्या वाड्यात शिरलो, की चपला काढताक्षणी तळपायांना फरशीचा गारवा लागतो आणि कोणीतरी हमखास म्हणते, "वाड्यात किती गार वाटतं, नाही!" यजमानांचे उत्तरही ठरलेले असते, "जुन्या भिंती, जाड आहेत ना." मग आरती होते, प्रसाद होतो आणि विषय तिथेच संपतो.

हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग या लेखात मांडावा असे आम्हांला वाटते, कारण तो कळला नाही तर आपल्या वाड्यांचे नेमके काय गेले हेही कळत नाही. लाकडाची नक्षी गेली, हे सर्वांना दिसते. गारवा कसा गेला, ते दिसत नाही.

१७३४ मध्ये बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले. त्यांच्यामागून सरदार आले, शिलेदार आले, कारकून, भिक्षुक, वैद्य, कीर्तनकार आले. ही माणसे देशावरून आणि कोकणातून पुढची शंभर-दीडशे वर्षे येतच राहिली. येताना त्यांनी देव आणले, पुरणयंत्रे आणली आणि डोक्यात घराचा नकाशा आणला. दिंडी दरवाजा, देवडी, मधे चौक, चौकाभोवती सोपे, आत माजघर, मागे परस आणि आड. पुण्या-साताऱ्याकडे हा नकाशा उत्तम चालत होता. बडोद्यात तो जसाच्या तसा चालणार नव्हता.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. वैशाखातही तिथली रात्र चांगली निवते. पुण्याचा वाडा या रात्रीच्या भरवशावर उन्हाळा काढतो. रात्रीची थंड हवा जड असते, ती चौकात उतरते, भिंती आणि फरश्या निववते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो साठा पुरतो. बडोदे समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरसुद्धा उंच नाही. मे महिन्यात दिवसा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि रात्री २७ अंशांच्या आसपास रेंगाळतो. भिंतींना निवायला थोडकाच वेळ मिळतो. त्यात पाऊस पुण्याहून अधिक जोरकस. देशावरचे मातीचे सपाट माळवद इथल्या एका पावसाळ्यात गळू लागले असते.

तेव्हा नव्या मुलखात आलेल्या शहाण्या माणसाने करावे तेच आपल्या पूर्वजांनी केले. शेजाऱ्याचे घर पाहिले. गुजराती पोळेतले घर अरुंद तोंडाचे आणि खोलवर लांब असते. दोन्ही लांब बाजू शेजाऱ्यांच्या घरांना चिकटलेल्या, ऊन खाणारे तोंड तेवढे पुढचे आणि मागचे. खालचा मजला विटामातीचा आणि जड, वरचे मजले लाकडाचे आणि हलके. डोक्यावर उतरते छप्पर आणि नळीची कौले. आपण ज्याला अभिमानाने मराठी वाडा म्हणतो, तो बडोद्यात इथल्याच सुतारांच्या आणि कडियांच्या हातून उभा राहिला, आणि त्यांनी आपल्या चौकाभोवती आपले घर बसवून दिले. झोपाळा देशावरही होता, पण ओसरीतल्या पितळी कड्यांच्या हिंचक्यावर अख्खी दुपार काढायची कला आपण गुजरातेतच शिकलो. हिंचका हाही एक पंखाच. फरक इतकाच की इथे हवा जागेवर राहते आणि माणूस हलतो.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहिला की हा मिलाफ लक्षात येतो. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चौमजली वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिथली भित्तिचित्रे पाहायला लोक लांबून येतात आणि चित्रे पाहून परत जातात. आमची विनंती अशी की पुढच्या खेपेला मे महिन्यात जावे आणि माना वर करण्याआधी पाच मिनिटे खालच्या मजल्यावर नुसते उभे राहावे. मग एकेक मजला वर चढत जावे. चढताना गारवा कुठे सुटतो, ते ज्याचे त्याला कळेल.

आता जाड भिंतींचे. विटेच्या दीड फुटी भिंतीतून उन्हाची धग आत पोचायला दहा-बारा तास लागतात. दुपारी दोनचे ऊन मध्यरात्रीनंतर आत येते, आणि तोवर घरातली माणसे माजघर सोडून गच्चीवर किंवा ओट्यापुढे खाटा टाकून झोपलेली असतात. भिंतीचे काम एवढेच, धग उशिरा आत सोडणे. ती धग अडवत नाही, पुढे ढकलते. म्हणून जाड भिंतीचे घर नुसते असून भागत नाही, घरातल्या माणसांना त्या घराच्या तालावर हलावे लागते.

आमच्या आजोळच्या पिढीचा उन्हाळ्यातला दिवस आठवून पाहावा. पहाटे सगळ्या खिडक्या सताड उघड्या, चौकात सडा. नऊच्या सुमाराला उन्हाकडच्या खिडक्या बंद. दहानंतर पश्चिमेच्या दारांना वाळ्याचे पडदे, आणि त्यांवर पाणी मारायचे काम घरातल्या पोरांकडे. दुपारी सगळे कुटुंब माजघरात, जिथे भर दुपारीही वाचायला उजेड पुरत नसे. आज त्या अंधाराला आपण कोंदट म्हणतो, पण तो मुद्दाम ठेवलेला होता. उजेडाबरोबर ऊन येते. सूर्य कलला की दारे उघडायची, चौकात पाणी शिंपडायचे, आणि खंभातच्या आखाताकडून येणारा नैर्ऋत्येचा वारा सुटला की ओट्यावर येऊन बसायचे.

वाळ्याचा पडदा कोरड्या दिवसांत खरेच किती काम करतो, याचा हिशेब मांडता येतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २४ अंशांच्या आसपास दाखवतो. पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त तिथवर उतरू शकते. पडद्याने त्यातली निम्मी वाट गाठली तरी दुपार सुसह्य होते. श्रावणात मात्र हवा ३३ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असते, आणि तोच थर्मामीटर ३० दाखवतो. म्हणजे सगळे मिळून तीन अंशांची कमाई. तेव्हा पाणी शिंपडणे व्यर्थ, हवा खेळती राहणे महत्त्वाचे. म्हणूनच पावसाळ्यात बिऱ्हाड वर सरके. वरच्या मजल्याच्या लाकडी खिडक्या आणि जाळ्या कामाला येत. एकाच घरात दोन हवामानांची दोन घरे एकावर एक रचलेली होती, असे म्हटले तरी चालेल.

छपराकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते, आणि खरी लढाई तिथेच असते. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि आपली सावली पायांखाली लपते. अशा वेळी भिंतींवर ऊन फारसे नसतेच, ते सगळे छपरावर पडते. नळीची कौले एकमेकांवर दुहेरी बसवलेली असत. त्यांच्या फटींतून तापलेली हवा निसटून जाई. खाली रिकामा माळा, त्याखाली तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचा थर. पुढे घट्ट बसणारी मंगलोरी कौले आली, मग पत्रे आले. दोन्ही गळत कमी होते आणि तापत जास्त होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हा लेख नुसता उसासा होईल. हा गारवा फुकटचा नव्हता आणि सगळ्यांना सारखा मिळत नव्हता. आडाचे पाणी कोणीतरी ओढत होते. जमीन कोणीतरी सारवत होते. वाळा भिजवायला पोरे असत, पण भरलेल्या घागरी आणून ठेवणाऱ्या बायकाच असत. चुलीपुढे बसलेल्या बाईला जाड भिंतींचा काही उपयोग नव्हता, उलट चुलीची धगही त्या भिंती धरून ठेवत. आणि कौलांखालचा माळा, जो दुपारी भट्टीसारखा तापे, तो नोकराला नाहीतर शिकायला आलेल्या गरीब विद्यार्थ्याला मिळे. माजघरातल्या वामकुक्षीच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुषच असतात, यात नवल नाही.

तर छप्पर, पाणी, दिनक्रम आणि भिंत. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट होती, जी एकट्या घराची नव्हतीच. ती म्हणजे शेजार.

चारी बाजूंनी मोकळ्या घराला चार भिंती उन्हात सांभाळाव्या लागतात. ओळीतल्या वाड्याला दोनच. बाकीच्या दोन शेजाऱ्याच्या पाठीला पाठ लावून सावलीत असतात. गल्ली अरुंद, वरचे मजले आणि सज्जे पुढे आलेले, त्यामुळे समोरच्याचे घर आपल्या घरावर सावली धरते आणि आपले त्याच्यावर. जुन्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिताना "अमक्यांची सामाईक भिंत" असा उल्लेख येतो. त्या भिंतीवरून दोन-दोन पिढ्या भांडण चाले. खिळा कोणी मारला, ओल कोणाकडून आली, खर्च कोणी करायचा. पण मे महिन्यात तीच भिंत दोघांना निववत असे. आपल्या वाड्याचा गारवा आपल्या मालकीचा नव्हता. तो गल्लीच्या मालकीचा होता.

गल्लीपलीकडे शहराचेही तसेच. सूरसागर हा पूर्वीचा चंदन तलाव, अठराव्या शतकात तो दगडी काठांनी बांधून काढला. राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव १४०५च्या सुमाराची, सेवासीची वाव १५४३ची. मराठे येण्याच्या कितीतरी आधी या भूमीने पाणी जमिनीखाली सावलीत ठेवण्याची विद्या साधली होती. मजले उतरत खाली गेले की वर तळपणारा वैशाख निराळ्याच गावचा वाटतो. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९२ मध्ये, आजव्याचे सरोवर पुरे झाले आणि शहरात नळाचे पाणी आले. बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली, हे फार मोठे काम झाले. पुढे आड झाकले गेले आणि परसातली ओलही हळूहळू गेली, हा त्याचा न लिहिलेला जमाखर्च.

राजघराण्याचा प्रवासही याच सुमाराला बाहेर वळला होता. मांडवीजवळच्या सरकारवाड्यातून खंडेराव महाराजांनी उन्हाळ्यासाठी १८७० मध्ये मकरपुऱ्याला इटालियन धाटणीचा राजवाडा बांधला. आता तो हवाई दलाकडे आहे. लक्ष्मीविलास १८९० मध्ये पुरा झाला. मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलेला हा राजवाडा बाहेरून कितीही घुमटांचा दिसला, तरी आत खोल व्हरांडे आणि कारंज्यांचे चौकच आहेत. चौकाला पर्याय तेव्हाच्या साहेबालाही सापडला नव्हता.

सामान्य माणसाला वाड्यातून बाहेर काढले ते भीतीने. १८९६ नंतर पश्चिम हिंदुस्थानात प्लेग पसरला, बडोद्यालाही त्याचा तडाखा बसला. दाट वस्ती, अंधारी माजघरे, उंदीर यांचा मनात एकच गोळा झाला. 'उजेड आणि हवा' हा नव्या घराचा मंत्र झाला, आणि त्यात काही चूकही नव्हती. पण त्या भरात दुपारचा अंधार हा रोगच ठरला. १९१६ मध्ये पॅट्रिक गेडेस या स्कॉटिश नगररचनाकाराने बडोद्याच्या वाढीविषयी संस्थानाला अहवाल दिला. मुळात हा गृहस्थ जीवशास्त्रज्ञ. जुन्या वस्तीतून सरळसोट रस्ता फाडून काढण्याला त्याचा सर्वत्रच विरोध असे. अगदी मोडकळीला आलेले तेवढे काढा, मोकळी झालेली जागा झाडाला आणि विहिरीला द्या, बाकीची गल्ली राहू द्या, असे तो सांगे. जपून केलेली शस्त्रक्रिया. गल्ली हे एक शरीर आहे, हे त्याला कळले होते.

पुढचा इतिहास आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, मग कारखाने आले, फत्तेगंज, प्रतापगंज, अलकापुरी या बाजूंना बंगले आणि सोसायट्या झाल्या. वाड्यांत भाऊबंदकी, जुने भाडेकरू, दुरुस्तीला पैसे नाहीत. मुले अमेरिकेत. बंगल्यांना निदान कडुनिंब आणि व्हरांडे होते. त्यानंतर फ्लॅट आले, ज्यांच्या डोक्यावर चार-पाच इंची सिमेंटची स्लॅब. उन्हात या स्लॅबचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत जाऊ शकतो, आणि ती धग तीन-चार तासांत खाली उतरते. म्हणजे नेमकी संध्याकाळी, दिवेलागणीला, घरातली वृद्ध माणसे टीव्हीसमोर बसलेली असताना.

वातानुकूलन यंत्र आपली खोली गार करते आणि तीच धग, वर विजेची भर घालून, शेजाऱ्याच्या खिडकीखाली सोडते. सामाईक भिंत दोघांना निववत असे. हे यंत्र एकाला निववून दुसऱ्याला तापवते. त्याच्याशिवाय राहा, असे आम्ही म्हणत नाही, आमच्याही घरी आहे. पण ज्याच्याकडे नाही त्याचे काय होते, हे अहमदाबादने २०१० मध्ये पाहिले. २१ मे रोजी तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले. २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. त्यानंतर गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तिथे हाती घेण्यात आले. गच्चीला चुना मारणे हा आपल्या आजोबांचा अक्षय्य तृतीयेआधीचा उद्योग. आता तो शास्त्र म्हणून परत आला आहे.

गुजरातेत ही विद्या अगदी लोपली असेही नाही. चार्ल्स कोरिया यांनी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत 'ट्यूब हाउस' नावाचे स्वस्त घर बांधले होते. अरुंद आणि लांब, दोन्ही बाजूंना शेजारभिंती, आणि तापलेली हवा उतरत्या छपराच्या शेंड्यातून निघून जाईल अशी वाट. म्हणजे पोळेतले घरच की. ते घर आता उरलेले नाही. बाळकृष्ण दोशी तर पुण्यात जन्मलेले आणि वाढलेले. आपल्या बडोद्याजवळची जीएसएफसीची वसाहत त्यांचीच. अहमदाबादेतले त्यांचे 'संगाथ' हे कार्यालय अर्धे जमिनीत उतरले आहे आणि त्याच्या कमानदार छपरांवर पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे जडवले आहेत. टोरेंट संशोधन केंद्रात १९९०च्या दशकात मनोऱ्यांच्या माथ्यावर पाण्याचे तुषार सोडून थंड हवा खाली उतरवण्याची सोय केली गेली. वाळ्याचा पडदा आणि चौक यांचीच ही नातवंडे. इराणातल्या यझ्द शहराचे वारामनोरे आणि सिंधमधल्या हैदराबादेतले वारा पकडणारे छपरावरचे कान याच कुळातले. मात्र यांतले बरेचसे नमुने एकटे उभे आहेत. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या घरांची अख्खी गल्ली कोणी नव्याने बांधलेली आमच्या पाहण्यात नाही.

आणि असलेली गल्ली सुटत चालली आहे. एक वाडा पडतो तेव्हा एकच वाडा पडत नाही. दोन्ही बाजूंच्या घरांची भिंत पहिल्यांदा उन्हात येते. ती बाहेरची भिंत म्हणून कधी बांधलेलीच नसते. तिला गिलावा नाही, सज्जा नाही, पावसाची सवय नाही. पहिल्या उन्हाळ्यात शेजारचे म्हणतात, यंदा फार उकडतंय. दुसऱ्या पावसाळ्यात ओल येते. तिसऱ्या वर्षी तेही घर बिल्डरकडे जाते.

गेल्या वर्षी गौरी आवाहनाच्या दिवशी आम्ही दांडिया बाजाराच्या मागच्या बाजूला अशाच एका घरी हळदीकुंकवाला गेलो होतो. शेजारचा वाडा दोन वर्षांपूर्वी पाडलेला, जागा रिकामी. या घराच्या भिंतीवर बाहेरून त्या नाहीशा झालेल्या घराच्या खुणा अजून आहेत. जिन्याच्या पायऱ्यांची तिरकी रेघ, तुळयांची भोके, स्वयंपाकघराच्या जागी काजळी, आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर देवघराचा कोनाडा, निळ्या रंगाचा. दुपारी तीनचे ऊन त्यात सरळ पडत होते. यजमानीणबाईंनी आत चहा देताना त्याच भिंतीवर हात ठेवून पाहायला सांगितले. भिंत चांगली तापली होती. त्या म्हणाल्या, "पत्रा ठोकून घेणार आहोत बाहेरून, पण त्यांच्या कोनाड्यावर खिळा मारायला यांचा हात होत नाही."